सुधारणा की दुरुस्ती?

व्यापारी घरात खर्चाचा विषय निघाला की पहिला प्रश्न रकमेचा नसतो. तो 'कशासाठी' हा असतो. गोदामाचे छप्पर गळत असेल तर लाखाचा खर्चही पाच मिनिटांत मंजूर होतो आणि ज्याचा उपयोग स्पष्ट सांगता येत नाही असा हजाराचा खर्च आठ दिवस लोंबकळतो. सांगलीत हळदीची अडत चालवणाऱ्या एका एकत्र कुटुंबात गेल्या दिवाळीनंतर असाच एक खर्च लोंबकळत राहिला. रक्कम होती २८,००० रुपये आणि विषय होता एका जुन्या सीडी प्लेयरचा.

प्लेयर तात्यांचा होता. १९९६ साली हंगाम चांगला गेला, तेव्हा त्यांनी तो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणला. घरातील जेवण दिवस मावळण्यापूर्वी होत असे, त्यामुळे रात्रीचा वेळ मोकळा असे. पेढीची रोकड जुळली की तात्या माडीवर जात आणि भीमसेन जोशी किंवा किशोरी आमोणकर यांची एखादी सीडी लावून तासभर डोळे मिटून बसत. तात्या गेल्यानंतर माडीवरची ती बैठक त्यांच्या मुलाकडे आली. त्यालाही गाण्याचा कान होता. वडिलांचे यंत्र टाकून नवे आणावे असे त्याला वाटत नव्हते. पण ते आहे त्याहून चांगले वाजावे, असे मात्र मनापासून वाटत होते.

त्याने एका जाणत्या कारागिराकडून अंदाजपत्रक घेतले. त्यात पाच कामे होती: आवाजाच्या मार्गावरील ऑप-अँप नावाच्या चिपा बदलणे, सर्व कपॅसिटर काढून उंची 'ऑडिओ' जातीचे बसवणे, आतील घड्याळ अधिक अचूक घालणे, विजेची जाड वायर आणि मागे सोन्याचा मुलामा दिलेली सॉकेटे. पेढीचे व्यवहार आता तात्यांचे धाकटे बंधू अण्णा पाहत. पुतण्याने कागद त्यांच्यापुढे ठेवला.

अण्णांनी तो हिशेबाच्या वहीसारखा ओळीने वाचला आणि विचारले, "यात बिघाड कोणता आहे?"

"बिघाड नाही, अण्णा. आवाज सुधारेल."

"लांबलचक सीडीची शेवटची गाणी अडकतात म्हणतोस, ते यातल्या कोणत्या कामाने सुटेल?"

पुतण्याने कागद पुन्हा पाहिला. त्या अडचणीवर त्यात एकही काम नव्हते.

येथे हा प्रश्न एका घरापुरता राहत नाही. जुना प्लेयर सांभाळणाऱ्या प्रत्येकापुढे कधी ना कधी असे अंदाजपत्रक येते. त्याचा निर्णय करण्यासाठी यंत्राच्या पोटात काय चालते, हे थोडे समजून घ्यावे लागते.

जगातील पहिला सीडी प्लेयर १ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनीने जपानमध्ये विक्रीस आणला. सीडीचे मानक सोनी आणि फिलिप्स या दोन कंपन्यांनी मिळून ठरवले होते आणि ते आजही तेच आहे. १२० मिलिमीटर व्यासाच्या तबकडीवर आतून बाहेर जाणारी एकच सर्पिल रेषा असते. ती उलगडली तर सुमारे साडेपाच किलोमीटर भरते. या रेषेवरील सूक्ष्म खाचा लेसरचा किरण वाचतो. आवाजाचे मोजमाप प्रत्येक वाहिनीसाठी सेकंदाला ४४,१०० वेळा घेतलेले असते आणि प्रत्येक मोजमाप १६ बिटांचे असते. माणसाचा कान फार तर २०,००० हर्ट्‌झपर्यंत ऐकतो, आणि वयाबरोबर ही मर्यादा खाली येते. ही पट्टी सीडीत पूर्ण मावते.

म्हणजे प्लेयरची कामे दोन. पहिले, तबकडीवरील आकडे बिनचूक वाचणे. दुसरे, त्या आकड्यांचे विजेच्या लहरींत रूपांतर करून ते अँप्लिफायरकडे पाठवणे. पहिल्या कामात चूक झालीच तर ती सुधारण्याची सोय आकड्यांतच केलेली असते. रेषेवरील जवळजवळ अडीच मिलिमीटर लांबीचा मजकूर सलग पुसला गेला तरी उरलेल्या आकड्यांवरून यंत्र तो तंतोतंत परत उभा करते. त्यापलीकडे नुकसान असेल तर अलीकडचे-पलीकडचे आकडे पाहून ते मधली जागा अंदाजाने भरते आणि तेही अशक्य झाले की आवाज अडकतो किंवा तुटतो. आकडे 'थोडे गोड' किंवा 'थोडे कडू' वाचले जात नाहीत. रोकड जुळते किंवा जुळत नाही, तसेच हे.

अंदाजपत्रकातील बहुतेक कामे दुसऱ्या टप्प्यातील होती. तेथे तत्त्वतः फरक पडू शकतो, कारण तेथे वीज आणि सुटे भाग यांचे गुणदोष आवाजात उतरू शकतात. परंतु 'पडू शकतो' आणि 'ऐकू येतो' यांत अंतर आहे. त्या काळच्या चांगल्या प्लेयरची विकृती टक्क्याच्या हजारांश भागांत मोजली जाई. तोच आवाज पुढे ज्या स्पीकरमधून बाहेर येतो, त्याची विकृती खर्जात एक टक्का किंवा त्याहूनही अधिक असणे ही सामान्य गोष्ट आहे. पन्नास किलोचे हळदीचे पोते सोनाराच्या काट्यावर तोलले, तर काटा खोटा बोलत नाही; पण त्या अचूकतेचा पोत्याला उपयोगही नसतो.

घड्याळाचेही तसेच. आकडे लहरींत बदलण्याची वेळ किंचित मागेपुढे झाली तर आवाजात दोष येतो, हे खरे. पण जपानमधील संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, संगीत ऐकताना हा दोष कानाला कळण्यासाठी काही शे नॅनोसेकंदांचा हेलकावा लागला. सुस्थितीतील साध्या प्लेयरचा हेलकावा सामान्यतः एका नॅनोसेकंदाच्या आतबाहेर असतो. जे आधीच ऐकू येत नाही ते आणखी कमी करण्यासाठी नवे घड्याळ बसवायचे, असा तो सौदा होतो. विजेच्या वायरीविषयी तर फार बोलण्याचे कारण नाही. मीटरपासून भिंतीपर्यंत घरातील साधी तारच आलेली असते, आणि प्लेयरच्या आत ट्रान्सफॉर्मर व रेग्युलेटर ती वीज पुन्हा घडवूनच वापरतात.

ऑप-अँप बदलण्यात एक धोकाही असतो. १९९० च्या दशकातील अनेक प्लेयरमध्ये एनई५५३२ ही चिप असे. ती दिसायला साधी आणि किमतीला स्वस्त, पण आवाजाच्या कामासाठी उत्तम मानली गेलेली. तिच्या जागी अधिक वेगवान चिप बसवली आणि सर्किटची मांडणी तिला अनुकूल नसली, तर ती कानाच्या मर्यादेपलीकडे स्वतःच आंदोलने करू लागते. ती थेट ऐकू येत नाहीत. पण चिप तापते आणि आवाज कधी कधी रखरखीत होतो. ऐकणाऱ्याला मात्र वाटते, 'आता बारीक तपशील उघडे झाले'.

मग सुधारलेल्या यंत्रांची कीर्ती सगळीच पोकळ होती काय? तसेही नाही. मारँट्झ कंपनीने आपल्या सीडी-६३ या लोकप्रिय प्लेयरची 'केआय सिग्नेचर' ही सुधारित आवृत्ती काढली, तिचे नाव अनेक रसिक आजही आदराने घेतात. मात्र ते काम केन इशिवाता यांच्यासारख्या कंपनीच्याच जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, संपूर्ण यंत्र डोळ्यांसमोर ठेवून झाले होते. बाजारातून पाच भाग आणून तयार पाटीवर डाग देऊन बसवणे ही वेगळी गोष्ट आहे.

अण्णांना यातील पुष्कळ भाग नवा होता. पण मालाची पारख त्यांना नवी नव्हती. हळकुंड कोणाच्या शेतातले, हे आधी कळले की हात तोडून पाहण्यापूर्वीच भाव ठरवतो, हे त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. त्यांनी सुचवले, "ऐकून ठरवू. पण कोणते यंत्र वाजते आहे, हे ऐकणाऱ्याला कळता कामा नये."

कारागीर सरळ माणूस होता. त्याच्याकडे त्याच नमुन्याचा, आधीच सुधारलेला एक प्लेयर होता. तो त्याने दोन दिवसांसाठी आणून दिला. एकाच सीडीच्या दोन प्रती मिळवल्या. पहिल्या संध्याकाळी उघडपणे ऐकले, तेव्हा घरातील सर्वांनी एकमुखाने सुधारलेल्या यंत्राला पसंती दिली. आवाज भरदार, मोकळा, जवळचा वाटला. दुसऱ्या दिवशी कारागिराने दोन्ही यंत्रांच्या मागील बाजूचा दाब मीटरने मोजला. सुधारलेले यंत्र किंचित मोठ्याने वाजत होते, सुमारे अर्धा डेसिबल. एवढा फरक 'मोठा आवाज' म्हणून ओळखू येत नाही; तो 'चांगला आवाज' म्हणून जाणवतो. वायरीत लहान प्रतिरोध जोडून दोन्ही पातळ्या समान केल्या.

मग अण्णांची धाकटी मुलगी पडद्यामागे बसली. नाणे उडवायचे, छापा-काट्याप्रमाणे अँप्लिफायरचा खटका फिरवायचा आणि वहीत नोंद करायची, एवढेच तिचे काम. पुतण्याने सोळा वेळा सांगितले की आत्ता कोणते यंत्र वाजते आहे. वही उघडली तेव्हा नऊ उत्तरे बरोबर निघाली. नुसत्या अंदाजाने सोळापैकी आठ बरोबर येतातच. खरोखर फरक कळतो असे म्हणायला निदान बारा तरी हवी होती. तेवढी केवळ योगायोगाने येण्याची शक्यता शंभरात चारांहूनही कमी असते.

यात पुतण्याच्या कानाचा कमीपणा नव्हता. २००७ साली ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान या दोघांनी अमेरिकेत याहून मोठा प्रयोग प्रसिद्ध केला. उच्च दर्जाचे ध्वनिमुद्रण एकदा थेट आणि एकदा सीडीच्या १६ बिटांच्या मापातून गाळून ऐकवले. त्यांच्या ५५४ चाचण्यांत बरोबर उत्तरे होती २७६, म्हणजे जवळजवळ बरोबर निम्मी. ऐकणाऱ्यांत व्यवसायाने ध्वनिमुद्रण करणारेही होते.

पुतण्या थोडा खट्टू झाला. कारागिरानेच त्याची समजूत घातली. "साहेब, सुधारणा राहू द्या. हे यंत्र आजारी आहे, ते आधी पाहू," असे म्हणून त्याने झाकण उघडले.

आजार साधे होते. तबकडीचा ट्रे ओढणारा रबरी पट्टा सैल झाला होता. लेसरची गाडी ज्या दांड्यावरून आतून बाहेर सरकते, त्यावरचे ग्रीस जवळजवळ तीस वर्षांत मेणासारखे घट्ट झाले होते, म्हणून बाहेरच्या टोकाशी गाडी अडत होती. लांबलचक सीडीची शेवटची गाणी अडकण्याचे कारण हेच. भिंगावर धूळ होती. वीजपुरवठ्यातील दोन कपॅसिटर, ज्यांना बाजारात आजही कंडेन्सर म्हणतात, डोक्यावर फुगले होते. हा भाग आतल्या द्रवावर चालतो आणि उष्णतेने तो द्रव हळूहळू सुकतो. तापमान दहा अंशांनी कमी राहिले तर त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते. म्हणून कारागिराने ८५ अंशांच्या जागी १०५ अंशांचे कंडेन्सर बसवले. किमतीत फरक काही रुपयांचाच. लेसरची वीज मात्र त्याने वाढवली नाही. अनेक ठिकाणी वाचन सुधारावे म्हणून तेथील छोटा स्क्रू फिरवतात. त्याने चार महिने बरे जातात आणि मग लेसर कायमचा जातो. त्या काळच्या बऱ्याच लेसरांचे उत्पादन आता थांबले आहे आणि नकली भागांचा भरवसा नसतो.

सर्व मिळून बिल झाले २,४०० रुपये. लांबलचक सीडी शेवटपर्यंत वाजू लागल्या. एक सोडून.

ती एक सीडी घरातच लिहिलेली होती, दुकानातून घेतलेली नव्हे. २००२ साली अण्णांच्या याच धाकट्या मुलीच्या बारशाला आक्कांनी, म्हणजे तात्या-अण्णांच्या आईने, पाळणा म्हटला होता. त्या वेळी तो कॅसेटवर घेतला आणि नंतर तात्यांनी सांगलीतच एकाकडून सीडीवर उतरवून घेतला. मूळ कॅसेट २०१९ च्या महापुरात तळमजल्याच्या कपाटासह गेली. आक्काही आता नाहीत. येत्या वैशाखात मुलीचे लग्न ठरले होते आणि तिने एकच मागणी केली होती: हळदीच्या आदल्या रात्री आक्कांचा पाळणा ऐकायचा. तो त्या सीडीवर सर्वांत शेवटी होता.

कारागिराने ती सीडी उजेडासमोर धरली. बाहेरच्या कडेशी रंग फिका पडून डाग आले होते. कारखान्यात छापलेल्या सीडीत खाचा प्रत्यक्ष कोरलेल्या असतात. घरी लिहिलेल्या सीडीत मात्र लेसरने रंगद्रव्याच्या थरावर खुणा उठवलेल्या असतात. ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी तो थर खराब होतो आणि पुष्कळदा ही खराबी कडेपासून आत सरकते. शेवटी लिहिलेले गाणे कडेशी असते, म्हणून ते आधी जाते. म्हणजे अडकण्याचे लक्षण एक असले तरी कारणे दोन होती. एक यंत्रात होते, ते दुरुस्त झाले. दुसरे तबकडीत होते, आणि २८,००० रुपयांच्या कोणत्याही भागाने ते दुरुस्त होणार नव्हते.

खोलीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग अण्णांनी विचारले, "काही निघू शकेल का?"

उपाय संगणकात होता. प्लेयरला गाणे चालू ठेवायचे असते, त्यामुळे तो एका जागी थांबू शकत नाही. संगणकाचा सीडी ड्राइव्ह मात्र तीच जागा मंद गतीने पुन्हा पुन्हा वाचू शकतो. एका ड्राइव्हने पाळण्याचा शेवट सोडून दिला. दुसऱ्या, जुन्या ड्राइव्हने रात्रभर खटपट करून तो वाचला. दोन ठिकाणी बारीक टिचकी ऐकू येते, बाकी आक्कांचा आवाज पूर्ण आला. दुसऱ्याच दिवशी त्याच्या तीन प्रती झाल्या: एक पेढीच्या संगणकावर, एक घरातील पेन ड्राइव्हवर आणि एक पुण्यात राहणाऱ्या आत्यांकडे. महापूर पाहिलेल्या घराला तिसरी प्रत दुसऱ्या गावात का हवी, हे सांगावे लागत नाही.

उरलेल्या पैशांपैकी ३,५०० रुपये आणखी एका कामाला लागले. तात्यांच्या स्पीकरची जाळी काढली, तेव्हा वूफरच्या कडेचे फोमचे कडे बोट लावताच भुगा होऊन पडले. हे फोम पंधरा-वीस वर्षांत स्वतःहूनच कुजते. नवी कडी चिकटवली आणि स्पीकर कोपऱ्यातून हातभर पुढे ओढले. त्या रात्री भीमसेनजींचा खर्ज असा उमटला की खालच्या मजल्यावरून वहिनी वर आल्या आणि म्हणाल्या, "हे तर ते असतानाचं वाजतंय." येथे पडदा लावून चाचणी घेण्याची गरज कोणालाही भासली नाही.

या घराचा हिशेब पाहिला तर जुन्या प्लेयरवर खर्च करू इच्छिणाऱ्याने कोणत्या क्रमाने जावे, हे उलगडते. जी ध्वनिमुद्रणे दुसरीकडे कोठेही मिळणार नाहीत त्यांची प्रत आधी करावी, कारण यंत्र विकत मिळते, आवाज मिळत नाही. त्यानंतर यंत्र उघडून पट्टा, ग्रीस, भिंग आणि सुकलेले कंडेन्सर पाहावेत; दुरुस्तीतच भाग बदलायचा असेल तर थोडा वरच्या दर्जाचा घ्यावा, तेवढी सुधारणा जवळजवळ फुकट पदरात पडते. मग स्पीकर आणि खोली पाहावी. एवढे झाल्यावरही प्लेयरच्या आवाजाविषयी शंका उरली आणि मागे डिजिटल निर्गम असेल, तर वेगळा डीएसी बाहेरून जोडून पाहावा. तो पसंत न पडल्यास परत करता येतो आणि उद्या प्लेयर बंद पडला तरी दुसऱ्या यंत्राला चालतो. पेटीच्या आत डाग देऊन बसवलेला पैसा मात्र परत निघत नाही. जुने यंत्र विकत घेणारा बहुधा मूळ स्थितीतलेच मागतो.

जपानहून थेट आणलेला प्लेयर असेल तर एक गोष्ट विसरू नये: तेथील वीज १०० व्होल्टची आणि आपली २३० ची. तेथे लागणारा ट्रान्सफॉर्मर हा सुधारणेचा खर्च नव्हे, यंत्र जिवंत ठेवण्याचा आहे.

आणि ज्याला स्वतः हाताने भाग बदलण्यातच आनंद आहे, त्याने तो जरूर घ्यावा. मात्र तो खर्च छंदाच्या खात्यावर लिहावा, आवाजाच्या नव्हे. खाते चुकले की पुढचा सगळा ताळेबंद चुकतो.

पुतण्याने जुने अंदाजपत्रक फाडले नाही. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला त्याने तात्यांच्या कपाटातील घरी लिहिलेल्या सीडींची यादी केली. त्या एकोणीस निघाल्या. लग्नाआधी सर्वांच्या प्रती करायच्या आहेत. आठ झाल्या आहेत.